शेवटचा उकार दीर्घ

माझी मावशी चाळीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासायची. पुस्तक छापण्याआधी कागदावर लाल शाईनं चुका काढायच्या, हे तिचं काम आणि तोच तिचा स्वभाव. घरी लग्नपत्रिका आली की लग्न कुणाचं ते राहिलं बाजूला, आधी ऱ्हस्व-दीर्घ. तिचं स्वतःचं लग्न झालं नाही. "नवऱ्यालाही लाल शाई लावेल ही," असं घरात सगळे हसून म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मीही म्हटलंय.

अशी बाई एकाहत्तराव्या वर्षी 'सिनेमा आणि साहित्य' अशा तीन दिवसांच्या सहलीत नाव नोंदवून मोकळी झाली. सोबतीला म्हणून मला जुंपलं. बसमध्ये तीस माणसं आणि एक सहलप्रमुख. दर दहा मिनिटांनी "चला, चला" करायचा, म्हणून आम्ही त्याचं नावच 'चलाचला' ठेवलं.

पहिले दोन दिवस नुसते सिनेमाचे सेट. प्लायवूडचं न्यायालय, रूळ नसलेलं स्टेशन, जिना चढून गेलं की वर काहीच नाही असा बंगला. लोक फोटो काढून काढून घामाघूम झाले. मावशी एका दवाखान्याच्या सेटसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पाटीवर ऱ्हस्व 'रु' दीर्घ काढून 'रूग्णालय' लिहिलं होतं.

"इथं शंभर सिनेमांतले रोगी बरे झाले," ती म्हणाली, "पाटी तेवढी कुणाला बरी करता आली नाही."

"आजी, कॅमेऱ्यात कळत नाही हो ते," चलाचला म्हणाला.

"मला कळतं ना!"

पण तिचा जीव काही तिथं नव्हता. तासातासाला एकच प्रश्न, "त्यांचं घर कधी?" सहा वर्षांपूर्वी वारलेल्या एका लेखकाचं घर तिसऱ्या दिवशी बघायचं होतं. शेवटी बसमध्ये मी वैतागले. म्हटलं, "त्या घरात तुझं काय पुरून ठेवलंय का गं?"

"हो," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. त्या लेखकाची पाच पुस्तकं तिनं तपासली होती. "माणूस मोठा, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या नावानं बोंब!" दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. छापखान्याचा शिपाई कागद न्यायचा, आणायचा, एवढीच काय ती ओळख. पण लेखक समासात तिला लिहायला लागले. 'लाल शाईवाल्या बाई, आज जरा दया करा.' 'बाई, ही चूक मुद्दाम ठेवली होती, तुमचं लक्ष आहे का बघायला.' ती वाचून एकटीच हसायची. उत्तर मात्र कधी लिहिलं नाही. प्रुफावर दुरुस्तीशिवाय एक अक्षर लिहायचं नाही, असा छापखान्याचा दंडकच होता.

पाचव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं, 'पुस्तक झालं. आता एकदा भेटु या का?'

"मग?" मी पुढे सरकून बसले.

"भेटुमधला टु ऱ्हस्व काढला होता त्यांनी. मी तो दीर्घ केला."

"आणि?"

"आणि पाठवून दिलं."

"कपाळ माझं! अगं मावशे, माणसानं तुला भेटायला बोलावलं आणि तू उकार सुधारलास?"

"हात आपोआप गेला गं," ती म्हणाली. खिडकीकडे तोंड केलं. "ते पान परत आलं नाही. दुसरं प्रूफ आलं ते कोरं. समासात काहीसुद्धा नाही. पुढचं पुस्तक त्यांनी दुसरीकडे छापायला दिलं. मग लग्न केल्याचं कानावर आलं. मला एवढंच बघायचंय, ते पान त्यांनी ठेवलं का. आणि ठेवलं असेल तर त्यावर पुढे काही लिहिलं का."

मला तिचा इतका राग आला होता, आणि इतकी माया आली, की मी तिचा हात धरून बसले.

घर साधं होतं. दोन खोल्या, टेबल, चष्मा, भिंतभर पुस्तकं. भिंतीलगत काचेची पेटी आणि तिच्यात प्रुफांची पानं. घर दाखवणाऱ्या बाई कौतुकानं सांगत होत्या, "आणि हे बघा, कुणा मित्राला भेटायचं टिपण. त्यातलासुद्धा उकार त्यांनी स्वतः लाल शाईनं सुधारलाय! केवढी ही शिस्त!"

तीस माणसं "वा, वा" म्हणाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

लोक पुढच्या खोलीत गेल्यावर ती काचेशी वाकली. तिच्या लाल उकाराखाली निळ्या शाईत दोन शब्द होते. तिला ते दिसेनात. काचेवर उजेड पडला होता, की तिचेच डोळे भरले होते, कोण जाणे.

"वाच तू," ती म्हणाली.

मी वाचलं, "दुरुस्ती मान्य." खाली सही आणि तारीख.

"मान्य?" मावशी म्हणाली. "काय मान्य?"

मग तिला कळलं. चेहरा पार उतरला तिचा. मी खुर्ची शोधायला वळले, तर ती काचेवर दोन्ही हात ठेवून त्या निळ्या अक्षरांशी बोलत होती. इतक्या हळू आवाजात मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"अहो, नाही म्हटलं नव्हतं मी. मला वाटलं, दुसऱ्या प्रुफात तुम्ही परत विचाराल."