हाताला गार लागणारं पाणी

खरं सांगायचं तर या बाईंविषयी लिहिण्याइतकं मला काही ठाऊक नाही. त्या मूळच्या कुठल्या, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमच्या इमारतीच्या तोंडाशी त्यांचं इस्त्रीचं दुकान होतं, एवढंच. शर्टाची कॉलर अशी उभी राहायची की गल्लीत सगळे त्यांना ‘कडकबाई’ म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होतं.

त्यांची एकुलती एक लेक नोकरीसाठी दूर गेली. जाताना काचेची एक टाकी आईच्या हवाली करून गेली. टाकीत लालचुटुक कोळंब्या होत्या, नखाएवढ्या, शोभेच्या. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, “ह्या शिजवणार कधी?”

“तुमचा शर्ट जाळीन त्या दिवशी,” बाई म्हणायच्या.

पण मनातून त्या धास्तावल्या होत्या. लेकीने विश्वासाने सोपवलेल्या कोळंब्या एकेक करून कमी होत होत्या. पोटाखाली अंडी दिसायला लागली की दोन-चार दिवसांत ती टाकीच्या तळाशी पडलेली असायची. पिल्लू एकही नाही. लेक फोनवर विचारायची, “आई, पाणी तापत नाही ना?”

“छे गं! हात घालून बघते की. गार आहे.”

“तुझ्या हाताला तवाही गार लागेल, आई!”

लेकीचं म्हणणं खोटं नव्हतं. दिवसभर इस्त्री धरणारा तो हात. ओलं बोट इस्त्रीला लावून ‘चर्र’ आवाजावरून ती सुती कापडाजोगी तापली आहे की रेशमी, हे त्या ओळखायच्या. त्याच बोटाने त्या पाण्याचीही परीक्षा घेत होत्या.

एकदा मी कपडे द्यायला गेलो तेव्हा म्हणाल्या, “काका, जरा तुम्ही हात घाला बरं.” मी घातला. मला ते कोमट वाटलं. पण माझे हात बारा महिने गारठलेले, माझं कोण ऐकणार? मग मी घरून ताप बघायचा थर्मामीटर आणला. तो पाण्यात धरला. पारा जागचा हलला नाही.

“बघा, ताप नाही पोरींना,” बाई खूश होऊन म्हणाल्या. मलाही ते पटलं, ही आमची अक्कल!

शेवटी त्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेल्या. तिथला माणूस पोट धरून हसला. “बाई, तो माणसांचा थर्मामीटर. पस्तिसाच्या खाली त्याला काही कळत नाही. ह्यांना बावीस ते पंचवीस लागतं. तिसाला टेकलं की अंडी टाकतात.” त्याने दिलेला थर्मामीटर टाकीला लावला, तर एकतीस! इस्त्रीच्या टेबलाला टाकी खेटून ठेवलेली, दुसरं काय होणार?

तेव्हा उरलेल्या कोळंब्यांत अंडी धरलेली एकच होती. घरी न्यावी, तर बाईंची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. त्यांचा चेहरा पडला. इस्त्री झालेले कपडे घेऊन त्या माझ्या दारात आल्या, तेव्हा आत डोकावून म्हणाल्या, “तुम्ही घरात राहता की फ्रीजमध्ये?”

माझी मागची खोली तशी आहेच. तिथे ऊन येत नाही, माणूसही सहसा येत नाही. कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, “मग इथेच आणा ना त्यांना.”

बादलीतून कोळंब्या आल्या. पाणी एकदम गार करायचं नाही, असं दुकानदाराने बजावलं होतं. म्हणून बादली तशीच ठेवली आणि पाणी आपोआप निवायची वाट बघत आम्ही बसलो. बाईंना दम कुठला? “एवढा वेळ मी कधी लग्नाच्या कोटालाही दिला नाही,” म्हणाल्या. टाकी भरली, वर छोटा पंखा लावला. पारा चोविसावर येऊन थांबला.

मग बाई रोज संध्याकाळी दुकान आवरून यायच्या, टाकीसमोर स्टूल ओढून बसायच्या आणि गल्लीभरच्या गोष्टी सांगायच्या. मी फक्त ‘हं’ म्हणायचो. तेवढं त्यांना पुरायचं.

एका सकाळी शेवाळावर काहीतरी हललं. पापणीच्या केसाएवढं. मग आणखी एक. मी चष्मा पुसला. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून रस्त्यावर आलो आणि ओरडलो, “झाली! झाली!” जन्मात मी रस्त्यावर ओरडलो नव्हतो.

दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने विचारलं, “मुलगा की मुलगी?”

“मोजू तरी द्या!” म्हणत बाई धावत सुटल्या. इस्त्री तशीच शर्टावर राहिली. आयुष्यात त्यांच्या हातून जळलेला तो एकच शर्ट, आणि तो माझा होता. पाठीवरचा तो तपकिरी त्रिकोण मी अजून कोटाखाली मिरवतो.

फोनवर लेक आनंदाने किंचाळली, ती मला खोलीच्या दारापर्यंत ऐकू आली.

पुढे लेकीने घर घेतलं आणि आईला बोलावून घेतलं. इतक्या लांबचा उन्हातला प्रवास कोळंब्यांना झेपणार नव्हता. त्या माझ्याकडेच राहिल्या. बाई सामान घेऊन गाडीत बसल्या, खिडकीची काच खाली केली.

“काका, आज पाणी किती?”

“चोवीस.”

“हात घालून सांगताय की बघून?”

“बघून.”

“मग ठीक.”