सासूबाईंच्या पोटातला खेकडा

देवाने ही सृष्टी घडवली तेव्हा माझ्या सासूबाई आसपास असत्या, तर त्यांनी ती आधी उसवून, आत काय भरलंय ते बघून, परत नीट शिवून मगच कबूल केली असती. बंद वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. सासरे ऐन तरुणपणी वारले, तेव्हापासून वालूरची जमीन, बैल, गडीमाणसं सगळं त्यांनी एकटीने सांभाळलं, आणि ते असंच, उघडून बघत सांभाळलं. बाजारातला लाल भोपळा दुकानदारासमोरच चिरला जाई. शिंप्याकडून आलेली चोळी घरात पाऊल टाकताच उसवली जाई आणि "ह्यो टाका हाय का जनावराचा चावा?" असं म्हणत स्वतःच्या हाताने पुन्हा शिवली जाई. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मानवतच्या सरकारी शाळेत मास्तर होतो, अंगात काळी शेरवानी आणि डोक्यात बरीचशी हवा. चार माणसांत सासूबाई म्हणाल्या, "तोंड उघडा बरं." पेढा भरवत असतील म्हणून मी मोठ्या लाजऱ्या चेहऱ्याने तोंड उघडलं. त्यांनी आत डोकावून दाढा बघितल्या आणि मुलीच्या मामाला सांगितलं, "दात बरे हायेत. अंगात काम न्हाई, पन मास्तरकीला चालंल." तेवढ्या शिफारशीवर माझं लग्न झालं.

तर अशा सासूबाई एका दुपारी बैलगाडीने मानवतला आल्या, लेकीला पाणी आणायला पिटाळलं आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, तुमी लय पुस्तकं वाचता. बाईचं इटाळाचं बंद होऊन वर्सं लोटली आन् मागून परत जायला लागलं, तर काय समजावं?" त्या काळी जावई सासूसमोर मान वर करून पाणीसुद्धा पीत नसे. मी छताकडे बघत "उष्णतेमुळे..." असं काहीतरी पुटपुटलो. "कोन्या पुस्तकात हाय?" त्यांनी विचारलं. कोणत्याच नव्हतं. मग सब्जाचं पाणी झालं, वैद्याचे काढे झाले, परभणीचा दवाखाना झाला, आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितल्यावरून मी त्यांना मानवत रोड स्टेशनावर रेल्वेत बसवून हैदराबादला घेऊन गेलो. लेकीला घाबरवायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता. तिला आम्ही "देवदर्शन" सांगितलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मद्रासकडच्या होत्या. मराठी येत नसे, उर्दू बोलत. मला उर्दू येते याचा मला केवढा अभिमान! त्यांनी गर्भपिशवीच्या आतलं थोडं खरवडून काढलं, काचेखाली तपासलं आणि मला बोलावून म्हणाल्या, "बच्चेदानी में सरतान है. अम्मा को बता दीजिए." आता सरतान म्हणजे फारसीत खेकडा, हे मला पाठ होतं. सरतान हे जीवघेण्या कर्करोगाचंही नाव आहे, हे मात्र त्या क्षणी आठवलं नाही. मी सासूबाईंना गंभीरपणे सांगितलं, "तुमच्या पोटात खेकडा आहे."

"म्या काय ओढ्याचं पानी गाळल्याबिगर पिले का कधी?" सासूबाई खवळल्या. "आन् खेकडा गिळताना मला कळंना व्हय?"

डॉक्टरीणबाईंनी माझा चेहरा बघितला, त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या सावकाश, हाताने दाखवत सांगू लागल्या. गाठ वाईट आहे. राहू दिली तर पसरेल. पिशवीच काढावी लागेल. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो. सासूबाई म्हणाल्या, "काढायची, तर कुठून काढता?"

बाईंना हा प्रश्न आवडला असावा. त्यांनी पाटी घेऊन चित्र काढलं. मी शहाण्यासारखा म्हणालो, "सुरई फार छान आली आहे." ती सुरई नव्हती. मग त्यांनी दोन वाटा समजावल्या. एक खालची, जिथून मूल जन्माला येतं तिथली. पोटावर चीर नाही, जखमेला धोका कमी, वय झालेल्या बाईला सोसते. पण आत बाकी कुठे काही पसरलंय का, ते त्या वाटेने नीट दिसत नाही. दुसरी वरची. ओटीपोट उघडायचं, पिशवीसोबत दोन्ही बाजूंचे बीजकोशही काढायचे, सगळीकडे हात फिरवून बघायचं. पण ती जड. जखम चिघळली तर जिवावर बेतायचं. बाईंनी पाटीवर बोटाने चीर कुठे द्यायची ते दाखवलं, आणि खोली माझ्याभोवती हळूहळू फिरायला लागली. शुद्धीवर आलो तेव्हा पलंगावर मी होतो, आणि रोगी मला पदराने वारा घालत होता.

"जावईबापू, तुमचं काय म्हननं हाय?" त्यांनी विचारलं. मी क्षीण आवाजात खालच्या वाटेला मत दिलं.

"म्हंजे वरूनच बरं," सासूबाई म्हणाल्या. "उगडलंच न्हाई तर दिसंल कसं? अर्धं आत ऱ्हायलं, तर मंग काय?" आणि बाईंकडे वळून, "पन तुमचा टाका बघू द्या आदी."

हे भाषांतर करताना मी घामाने भिजलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी धोतराचा तुकडा मागवून त्यावर टाके घालून दाखवले. सासूबाईंनी ते दोन्ही बाजूंनी ताणून बघितले आणि मान डोलावली.

एकच अडचण राहिली. आम्ही शिवभक्त. गळ्यातलं इष्टलिंग आम्ही प्राण असेतो अंगावेगळं करत नाही, आणि ऑपरेशनच्या खोलीत गळ्यात काही चालणार नव्हतं. सासूबाई ताडकन उठून गाठोडं बांधायला लागल्या. शेवटी बाईंनीच तोड काढली: लिंग पूजेला घेतो तसं डाव्या तळहातावर ठेवून वरून स्वच्छ पट्टी गुंडाळायची. पट्टी बांधून झाल्यावर सासूबाईंनी ती मूठ छातीशी धरली. भुलीच्या औषधाच्या वासाने मी बाहेर पळालो.

अंगणात लिंबाखाली बसून मीही पूजा करायचं ठरवलं. मास्तरकीच्या तोऱ्यात पूजा सुटून बरेच दिवस झाले होते. लिंग हातावर घेतलं, डोळे मिटले, आणि एक मंत्र आठवेल तर शपथ. तोंडातून आपोआप शाळेतले अर्ध्या-पाऊणाचे पाढे, निमकी आणि पाऊणकी, बाहेर पडू लागले. मी तेच म्हणत राहिलो. दुसरं काही येत नव्हतं, आणि ही बाई मरू नये असं मात्र फार वाटत होतं.

आत काही पसरलेलं नव्हतं. पुढे जखमेला पू झाला, तापात सासूबाई बडबडल्या, बाई रोज स्वतः पट्टी बदलायच्या. त्यातून त्या उठल्या. उठून बसता येऊ लागल्यावर त्यांनी पहिली मागणी केली, "काढलेलं दावा मला."

बाईंनी काचेची बरणी आणली. मी भिंतीचा आधार घेतला. सासूबाईंनी बरणी मांडीवर घेतली, उजेडाकडे फिरवून सगळ्या बाजूंनी बघितली. मग म्हणाल्या, "केवडीशी हाय, जावईबापू. माजी तिनी लेकरं हितंच ऱ्हायली. दोगं गेली. एक तुमाला दिली." काचेवरून त्यांनी हात फिरवला, तान्ह्याच्या टाळूवरून फिरवावा तसा. त्यांना रडताना मी तेवढंच बघितलं.

मानवत रोडला उतरलो तेव्हा बायको गाडी जुंपून न्यायला आली होती. सासूबाई खाली उतरल्या आणि तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या. बैल अस्वस्थ झाले, गडी खाकरला, तरी सोडेनात. बायकोने मला हळूच विचारलं, "आई असं काहून करायलीय हो?"

"प्रवासाचा शीण," मी म्हणालो.

त्यानंतर त्या बरीच वर्षं जगल्या आणि मग एका हिवाळ्यात साध्या तापाने गेल्या. ऑपरेशनचं बायकोला पुढे कळलंच. बरणीचं मी कितीदा सांगायला जातो, पण ती आईसारखीच कमरेवर हात ठेवून समोर उभी राहते, आणि मी छताकडे बघायला लागतो.