बाय-टू कॉफी

आज रविवार. दुपारी बनशंकरीत एका कॅफेच्या गच्चीवर नव्या मुलांच्या बँडचा छोटा कार्यक्रम होता. माझी बायको स्मिता जानेवारीत गेली. अशा कार्यक्रमांना आम्ही दोघं जायचो; त्यानंतर आज पहिल्यांदाच गेलो. गाणी चांगली होती.

खाली उतरून नेहमीच्या कॉफीच्या दुकानात सवयीने म्हणालो, "अण्णा, बाय-टू." म्हणजे एक कॉफी दोन कपांत.

अण्णा स्मिताला अक्का म्हणायचे. कप ठेवत ते हसत कन्नडमध्ये म्हणाले, "अक्का अजून गाणाऱ्यांशी गप्पा मारतायत?"

मी म्हणालो, "इल्ला." या शब्दाचा अर्थ 'नाही' असाही होतो आणि 'ती नाही' असाही. त्यांनी नुसती मान हलवली. मी कप घेऊन बाजूला झालो.

तुम्ही अशा वेळी नीट सांगता का?

दोन्ही कप मीच प्यायलो.