सेयदाली मास्तरांची पाखरं

सेयदाली मास्तर इतिहास शिकवून निवृत्त झाले, पण शिकवायची खोड काही गेली नाही. कराताऊ डोंगराच्या पायथ्याच्या आमच्या गावात त्यांच्या वहीच्या तावडीतून सुटलेला माणूस विरळाच. वहीत एका पानावर आपल्या लोकांच्या जुन्या कथा, समोरच्या पानावर हिंदुस्थानच्या. आकाश बाप आणि धरती आई, हे दोन्हीकडे सारखंच. मग आपला बाइतेरेक वृक्ष, शेंड्यावर अंडं घालणारी सोन्याची पक्षीण आणि दरवर्षी ते गिळायला येणारा बुंध्याचा साप. समोर त्यांचा पिंपळ, मुळं वर नि फांद्या खाली. आणि एकाच झाडावरचे दोन पक्षी, एक फळ खातो, दुसरा नुसता बघतो. ह्या पाखरांनीच माझा संसार खाल्ला, असं त्यांची बायको कामशात चारचौघांत म्हणायची.

पण गावात कुणी गेलं की बोलावणं मास्तरांनाच. आमच्यात मरणाची बातमी थेट सांगत नाहीत. झाडाची, पाखराची गोष्ट काढायची, ऐकणाऱ्यानं आपणहून समजायचं. मास्तरांइतकं हळुवार ते कुणाला जमत नसे.

त्या फेब्रुवारीत बर्फाच्या वादळात त्यांच्या एकुलत्या एक मुलाचा, नुरतासचा ट्रक दरीत गेला. फोन मास्तरांनाच आला. सोबत घरापर्यंत आलेल्या गावातल्या म्हाताऱ्यांना त्यांनी फाटकाशीच थांबवलं. तिला मीच सांगतो, म्हणाले.

पोरगा शनिवारी येणार म्हणून कामशात बाउर्साक, पिठाचे फुगरे गोळे, तळत होती. मास्तर टोपीही न काढता बसले आणि बोलू लागले. बाइतेरेकवर एक पक्षीण होती, तिचं एकच पिल्लू होतं.

"अहो मास्तर, कढई तापलीय माझी. पाखरं राहू द्या, जरा पीठ चाळून द्या."

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. यंदा साप लवकर आला, म्हणाले.

"येणारच. तीस वर्षं ऐकतेय, पाठ झालाय तुमचा साप."

गावातल्या प्रत्येक आईला समजलेली गोष्ट ह्या एकीला समजेना, कारण तिच्या घरात ती रोजचीच होती. मास्तरांना त्या वहीचा जन्मात आला नव्हता एवढा राग आला. ते उठले, गॅस बंद केला, तिचे पिठाचे हात धरले आणि आमच्या गावात कुणी आईला सांगितलं नसेल तसं सरळ सांगितलं.

"कामशात, नुरतास गेला."

ती रडली नाही. खाली बसली, आणि तिनं विचारलं, "तुमच्या त्या हिंदुस्थानात मेलेली परत येतात ना?"

"येतात. दुसऱ्या कुणाच्या पोटी. मागचं काही आठवत नाही त्यांना. आईसुद्धा नाही."

"आणि आपल्यात?"

"आपल्यात येत नाहीत. पूर्वजांत जाऊन बसतात. पण विसरत नाहीत, बघत असतात आपल्याकडे."

तेवढ्यानं तिला धीर येईल असं त्यांना वाटलं होतं.

"नुसतं बघून काय करू मी?" ती म्हणाली. "त्यांच्यातल्यासारखं होऊ दे. कुणाच्याही पोटी येऊ दे. त्यानं नाही ओळखलं तर नाही ओळखलं. मी ओळखीन."