गैरहजेरीत अध्यक्ष झालेल्या रत्नाक्का

रत्नाक्का कदम कुठल्याही खोलीत शिरल्या की नमस्काराच्या आधी दाराच्या चौकटीवरून बोट फिरवत आणि ते बोट खोलीच्या मालकाला दाखवत. मी कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी ते मला दाखवलं. ओळख ना पाळख. दारात कडक इस्त्रीच्या सुती साडीतली एक उंच, रुंद बाई आणि तिच्या बोटावर करड्या धुळीची टोपी.

"नवीन काय? आधी पुसून घे, मग बस," एवढं बोलून त्या गेल्या. मी मुकाट्यानं पुसून घेतलं. पुढची नऊ वर्षं आमचं छान जमलं.

आमचं कॉलेज हैदराबादेत, हॉटेल व्यवस्थापनाच्या डिप्लोम्याचं. आक्का तिथं हाउसकीपिंग शिकवत आणि मी मुलांना हॉटेलांत ट्रेनिंगला पाठवायची व्यवस्था बघते. आक्कांचं घराणं देगलूरकडचं, शेतकरी, पण तीन पिढ्यांपासून काचीगुड्यात. त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' मिठासारखे असत. मी नाशिकची. "काय करायलीस?" हा प्रश्न भविष्याबद्दल नसून आत्ताबद्दल आहे, हे कळायला मला महिना लागला.

आमच्याकडे मुलं चहूकडून येतात. तेलंगणाची, नांदेड-बीदरची, मणिपूर-मिझोरामची आणि सुदान, चाड, केनियाचीसुद्धा. एक दिवस वरून पत्र आलं की कॉलेजात वर्णभेदविरोधी समिती नेमा. आमच्याकडे बैठकीला जो गैरहजर असेल त्याला अध्यक्ष करतात. त्या दिवशी आक्का बेगम बाजारात झाडू आणि ब्रश घ्यायला गेल्या होत्या. सचिव मी झाले, कारण मी हजर होते आणि माझ्याकडे पेन होतं.

"ह्या समितीत काय करावं लागतंय?" आक्कांनी आमचे प्राचार्य रेड्डी सर यांना विचारलं.

"काही नाही हो मॅडम. एक फलक लावायचा. झालं."

फलक लागला. वर 'आपण सारे समान' आणि खाली एकमेकांत गुंफलेले बारा हात. पेंटरकडे एकच डबा असावा, कारण बाराही हात कोवळ्या गुलाबी रंगाचे होते. आक्का फलकापुढे उभ्या राहिल्या. मग त्यांनी आपला हात त्याला लावून बघितला, माझा लावून बघितला आणि रेड्डी सरांना हाक मारली. "सर, ह्यातला तुमचा हात कोणता?" सर चांगले सावळे आहेत. दुपारी फलक उतरला.

मग स्नेहसंमेलन आलं. सांस्कृतिक विभागानं ठरवलं की इद्रिसनं आफ्रिकन नाच करायचा. इद्रिस दुसऱ्या वर्षाचा, सुदानचा. सहा फूट दोन इंच, चष्मा, अत्यंत गंभीर चेहरा. त्याचे वडील औषधांचं दुकान चालवत. दोन वर्षांत तो अस्सल हैदराबादी हिंदी शिकला होता. तो आक्कांकडे आला आणि म्हणाला, "आक्का, मेरे को नाच आताइच नहीं. मेरे बाबा को भी नहीं आता. कमर को पत्ते बाँध के नाचना बोल रहे."

म्हणजे कमरेला पानं. आक्का तडक स्टाफरूममध्ये गेल्या. मीही मागोमाग गेले, कारण सचिवानं इतिवृत्त लिहायचं असतं.

"समितीनं नियम केलाय," त्या म्हणाल्या. समितीची बैठकच झाली नव्हती. "ज्यानं पाहुण्याला नाच म्हटलं, त्यानं आधी आपल्या गावचा नाच करायचा. पाहुणा बसून बघणार. आपल्यात पाहुण्याला आधी कामाला लावतात का?"

"मॅडम, हे वय आहे का आमचं?" रेड्डी सर हसत म्हणाले.

"मग त्याचं काय नाचायचं वय आहे? त्याची परीक्षा आहे."

झालं ते असं की रेड्डी सरांनी टिपऱ्या हातात घेऊन कोलाटम केलं आणि दुसऱ्याच फेरीत आपली टिपरी ग्रंथपालांच्या कपाळावर मारली. मी लेखापाल बाईंबरोबर फुगडी घातली. आम्हा दोघींची वजनं मी इथं लिहीत नाही. तिसऱ्या गिरकीला हात सुटले, बाई पडद्यात गेल्या आणि मी पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर. इद्रिस परीक्षक होता. त्यानं चष्मा पुसला, कागदावर बराच विचार करून मला दहापैकी तीन गुण दिले आणि 'मेहनत घ्यावी' असा शेरा मारला. मुलं बाकांवर उभी राहून ओरडत होती. त्यानंतर आमच्याकडे कुणी कुणाला पानं नेसवली नाहीत.

इथवर सगळी गंमतच होती आणि मी आक्कांच्या बाजूनं होते. मग त्या माझ्या खोलीत आल्या.

डिप्लोमा मिळायला फ्रंट ऑफिसचं, म्हणजे हॉटेलच्या स्वागतकक्षातलं, सहा आठवड्यांचं ट्रेनिंग लागतं. ते नसेल तर प्रमाणपत्रावर तेवढी जागा रिकामी राहते आणि मग पुढे नोकरी मिळते ती मागच्या बाजूची. मी यादी लावली होती. आक्कांनी ती भिंतीवरून काढून आणली होती, टाचण्यांसकट.

"मंजू, लाँड्रीला चार पोरं घातलीस. दोन सुदानची, एक चाडचा, एक मिझोरामची. फ्रंटच्या पेपरात पहिला कोण?"

"इद्रिस."

"मग तो चादरी कायको धुवायला?"

"आक्का, हॉटेलवाले यांना पुढे उभं करत नाहीत. उगाच मुलाचा अपमान. म्हणून मीच आधी..."

"नाही म्हणाले ते?"

"म्हणतातच."

"किती बार म्हणाले? काढ फाइल."

मी फाइल काढली. माझ्या फायली व्यवस्थित असतात, तो माझा अभिमान आहे. सहा वर्षांची पत्रं तारखेवार लावलेली. एकाही पत्रात नकार नव्हता. असणार कुठून? मी कधी विचारलंच नव्हतं. दरवर्षी हॉटेलचा नकार मी स्वतःच ऐकून घेत होते आणि स्वतःच कळवत होते, तेही वेळेच्या आधी.

आक्का ओरडल्या नाहीत. "खूप काम करायलीस तू," एवढंच म्हणाल्या. "हॉटेलवाल्यांचंबी करायलीस." ते ओरडण्यापेक्षा वाईट लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ऑटोनं हॉटेलात गेलो. मॅनेजरनं गुणक्रमाची नवी यादी बघितली, टाय सैल केला. "मॅडम, माझं काही नाही हो. पण गेस्ट लोक..."

"कोण गेस्ट? नाव सांगा, मी बोलते त्यांच्याशी."

"तसं नाव नाही..."

"मग नाव नसलेल्या माणसासाठी नाव असलेल्या पोराला कायको काढायचं? यादी वरून खाली घ्यायची. पहिला नक्को तर बाकीचे अठराही नक्को. लग्नसराईत चादरी तुम्ही घाला. मी शिकवते, या इकडं."

आणि खरंच त्या उठून सोफ्यावरची चादर झटकायला लागल्या. लग्नसराई तोंडावर होती आणि शिकाऊ मुलांवाचून ते हॉटेल एक दिवस चाललं नसतं. मॅनेजरनं सही केली.

इद्रिस स्वागतकक्षात उभा राहिला आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं एका नवरदेवाला अडवलं. ओळखपत्राशिवाय किल्ली नाही. नवरदेव मुंडावळ्या बांधून उभा, ओळखपत्र बहिणीच्या पर्समध्ये, बहीण पार्लरमध्ये. बाहेर बँड तेच गाणं चौथ्यांदा वाजवतोय. नवरदेवाचे काका म्हणाले, "अहो, हा घोड्यावरून आलाय, अजून काय ओळख पाहिजे?" इद्रिस म्हणाला, "घोडे का भी नहीं है, सर."

मॅनेजर खूश झाला. हा मुलगा फारच हुशार निघाला, असं तो मला फोनवर म्हणाला. मी ते आनंदानं आक्कांना सांगायला गेले. त्या उशांना अभ्रे घालत होत्या.

"हुशार म्हणून घेतला का त्याला?" त्या म्हणाल्या. "आणि मठ्ठ असता तर? रेड्डी सरांचा पुतण्या मठ्ठच आहे की. तो गेलाच ना फ्रंटला. त्याची हुशारी कुणी मोजली?"

मी शेजारचा अभ्रा उचलला आणि उशीला घालायला लागले.

आक्का गेल्या वर्षी निवृत्त झाल्या आणि सिकंदराबादला मुलीकडे राहायला गेल्या. निरोप समारंभात भाषण करायला त्यांनी साफ नकार दिला. "माझं सगळं बोलून झालंय," म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं.

यंदा एक नवीन हॉटेल यादीत आलं. मुलांच्या गुणक्रमात पहिली होती चाडची एक मुलगी. मी पत्र पाठवलं, फोन केला, स्पष्ट विचारलं. त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं. मी आक्कांना फोन लावला.

"आक्का, या खेपेला विचारलं. ते खरंच नाही म्हणाले."

"हौ?" पलीकडून आवाज एकदम खुलला. "बरं झालं की! आता भांडण तुझं नि त्यांचं आहे. इतके दिवस ते तुझं नि लेकरांचं होतं."

"पण करू काय?"

"मला काय इचारायलीस? कमिटीचा अध्यक्ष कोण आहे आता?"

आक्कांच्या जागी नवा अध्यक्ष नेमायची बैठक आदल्याच दिवशी झाली होती. त्या वेळी मी दातांच्या डॉक्टरकडे होते.

"मी," म्हटलं, आणि पर्स उचलली.