जिंतूरच्या वाटेवर, लाल पोपटासह

परभणीहून जिंतूरला आता एसटीने दीडेक तासात पोचता येतं. निजामाच्या राज्यात, मी सातवीत असताना, आम्हाला अख्खा दिवस लागला. कारण सोबत पोपट होता.

जिंतूरच्या आत्याचा राघू माघात मेला आणि तिने बोलणंच टाकलं. म्हणून काकांनी हैदराबादेहून नवा आणला. कुठल्या दूर बेटांवरच्या रानातला : अंग लालभडक, पंख हिरवे, डोक्यावर काळी टोपी. पण दोन दिवस त्याने मिरचीला, भिजल्या डाळीला चोच लावली नव्हती. आई घाबरली. "ह्योबी गेला तर वन्सं हाय खातील. आजच पोचवा."

दिवस रंगपंचमीचा. मोटारीत कंडक्टर म्हणाला, "परिंदे का बी टिकट लगता."

"मांडीवर बसलाय की!" काका.

"तो मेरे पास बिठाव. मैं बी देखतूं."

पोपट फुकटात पुढच्या सीटवर गेला.

बोरीला मोटार तापली. विहिरीजवळ आम्ही भाकरी-ठेच्याचं फडकं सोडलं, तोच धुणं टाकून एक म्हातारी धावत आली. "मुक्या जिवाला रंगवता? लाज न्हाई?" आणि काकांनी घास गिळायच्या आत तिने पिंजऱ्यावर रिठ्याचं पाणी ओतलं. चोळचोळ चोळलं. रंग निघेना.

"लय पक्का हाय! कोन्या दुकानातला? लुगड्याला पायजे."

पोपट कुडकुडायला लागला. उन्हात वाळवावा म्हणून काकांनी दार उघडलं आणि तो भुर्रकन समोरच्या पळसावर. पळस फुलांनी पेटलेला! लालात लाल. वसंतावरच्या कितीतरी कविता मी शाळेत घोकल्या होत्या. पळसाचा राग मात्र त्या दिवशी पहिल्यांदा आला.

काका झाडावर चढले. "हा बघ!"

"ते फूल हाय, काका."

"मग हा?"

"तेबी."

मोटार भोंगा वाजवून निघून गेली. मी प्रत्येक फूल निरखत राहिलो. शेवटी एक हललं. पोपट जिभेने फुलातला मध चाटत होता, एकामागून एक, अधाशासारखा.

म्हातारीने कपाळावर हात मारला. "आरं, ह्यो मध पितोय आन् तुमी मिरच्या चारायलाव?"

तिनेच गुळाचं पाणी वाटीत धरून त्याला खाली उतरवलं, पिंजऱ्यात पळसाची फांदी खोवली आणि लेकाची बैलगाडी जुंपून दिली.

दिवेलागणीला जिंतूर. आत्या पोपटाकडे बघत बसली. किती वेळ. काका घाम पुसायचे थांबले. मग माघापासूनचा तिचा पहिला शब्द फुटला : "कोनं रंगवलं रे ह्याला?" आणि ती रिठे शोधायला उठली.

"अक्का, नको!" "आत्या, नको!" आम्ही दोघे ओरडलो.

चार दिवसांनी घरी परतलो. दारातच आईने विचारलं, "वन्सं बोलल्या का?"

काका म्हणाले, "थांबतच न्हाईत."

तुम्ही जाणार असाल तर फाल्गुनात जा आणि खिडकीशी बसा. आता पळस फार उरले नाहीत. पण एखादा फुललेला दिसला की मी अजून मान बाहेर काढतो, मागचा प्रवासी हटकतो, "आजोबा, डोकं आत घ्या!" काय करणार? एक फूल हलल्यासारखं वाटतं.