मंगळवारची सुई

टाकळखोरीच्या मनकर्णाबाईंची एक सवय होती. वांग्याला कीड लागली, की त्या आधी ती कुठून आली ते शोधायच्या. औषध मारायचं ते नंतर.

एकोणीसशे सहासष्ट साली त्यांचे यजमान उकंडराव तापानं पडले. गावच्या सरकारी दवाखान्यात दंडावर सुई टोचून घेतली. ताप उतरला, पण चौथ्या दिवशी दंड लालबुंद होऊन ठणकायला लागला. शेवटी बुलढाण्याला नेऊन चीर द्यावी लागली. जखम भरली, पण हात काही खांद्याच्या वर जाईना.

गावातले म्हणायचे, एखाद्याची सुई पिकायचीच. मनकर्णाबाईंना ते पटलं नाही. भाजीची पाटी घेऊन त्या गल्लोगल्ली फिरायच्याच, आता मिरच्या मापता मापता विचारायला लागल्या, "तुमच्या घरी कोनाची सुई पिकली का? कोन्या वारी घेतली होती?" लिहिता येत नव्हतं, पण ऐकलेलं डोक्यात पक्कं बसायचं. दोन महिन्यांत अकरा माणसं निघाली. त्यातली नऊ मंगळवारची.

मंगळवार गावच्या बाजाराचा. आसपासची खेडी बाजारासोबत दवाखानाही उरकून घ्यायची. पुढच्या मंगळवारी मनकर्णाबाई पाटी दवाखान्याच्या ओसरीवर ठेवून आतल्या बाकावर जाऊन बसल्या. कंपाउंडर शेषरावांनी सकाळी एकदा सुया उकळल्या. मग एकाला टोचलं, की स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं आणि तीच सुई दुसऱ्याला. स्टोव्ह कोपऱ्यात गार पडलेला.

"बाई, तुमाले काय होते?" शेषरावांनी विचारलं.

"मले काई नाई होत. सुई काऊन उकळत नाई, ते पाहून राह्यली."

शेषराव भडकले. "साठ मानसं, दोन सुया अन् आठवड्याले एक बाटली घासलेट! उकळत बसलो तं अर्धे लोक तसेच घरी जातीन. मंग शिव्या कोन खाईन?"

यात खोटं काही नव्हतं. मनकर्णाबाई उठल्या आणि आत डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे. बाईंची बोली ऐकून आधी त्यांना हसू आलं. बाई एकेक नाव आणि वार सांगत गेल्या. पाचव्या नावाला डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं. प्रत्येक नोंद जुळत होती.

"मी दोनदा वर लिहिलंय," ते हळूच म्हणाले. "सुया वाढवा, घासलेट वाढवा म्हणून. उत्तरच नाही."

"कागदाले उत्तर येत नाई, तं मानसायले येते का पाहू. मोठे साहेब कवा येतात?"

जिल्ह्याचे साहेब पुढच्या महिन्यात तपासणीला येणार होते. बाईंनी अकराही घरी निरोप दिला. त्या दिवशी आली सातच. दोघींच्या नवऱ्यांनी नाही म्हटलं, एक म्हातारा परगावी गेला होता आणि रुखमाबाईंना भीती वाटली, की पुढं औषधच मिळणार नाही. आलेल्या सातांनी ओसरीवर बाह्या वर केल्या. सात व्रण. सोबत आलेल्या उकंडरावांनीही हात उचलून दाखवला, जाईल तेवढा.

"तक्रार कोणाविरुद्ध आहे?" साहेबांनी विचारलं आणि शेषरावांकडे पाहिलं. शेषरावांची नोकरी जाऊ शकत होती. घरी चार लेकरं होती.

नाव घेणं सोपं होतं. मनकर्णाबाईंच्या तोंडापर्यंत आलंही होतं. महिनाभर नवऱ्याच्या जखमेतला पू त्यांनीच पुसला होता.

"मानसाविरुद्ध नाई," त्या म्हणाल्या. "याले काढसान, दुसरा येईन, अन् तोबी पुसूनच टोचीन. साठ लोकायले दोन सुया पुरत नाईत, हे लिहा. अन् उकळल्याबिगर कोनाले टोचू नये, हेबी लिहा. दोनी लिहा."

साहेबांनी दोन्ही लिहून घेतलं. दीड महिन्यानं दहा सुया आल्या, घासलेटचा डबा आला. डॉक्टरांनी स्टोव्ह कोपऱ्यातून उचलून बाकासमोर ठेवला. पाणी खदखदताना दिसल्याशिवाय लोक दंड पुढं करेनासे झाले. शेषराव कुरकुरायचे, मनकर्णाबाईंशी तर त्यांनी बोलणंच टाकलं.

पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या गीताबाईंचा दंड पिकला. गावानं लगेच दवाखान्याला दोष दिला. मनकर्णाबाईंनी जाऊन विचारपूस केली. सुई बाजारातल्या एका फिरत्या वैदूनं टोचली होती. बाई तशाच उन्हातून दवाखान्यात गेल्या.

"शेषराव, गीताबाईचं तुमच्याकडचं नाई."

शेषराव बाटली पुसत होते. वर न बघता म्हणाले, "मले माहीत हाये. पन लोकायले कोन सांगीन?"

"गीताबाईच्या दारापासून इथवर सांगतच आली," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि पदरानं घाम पुसत बाकावर टेकल्या.